दलालाची जबान

मागच्या महिन्यात लातूरच्या कुठल्याशा उद्योजक मंडळाचे दोघे जण ऑफिसात आले. एकदम कडक इस्त्रीतले. म्हणाले, "सर, आमच्या मेंबरांपुढं तुमचं भाषण ठेवायचंय. एवढीशी दाळमिल, आणि समोरच्या तेवढ्या मोठ्या मिलला तुम्ही एका सीझनमध्ये बसवलंत! ती स्ट्रॅटेजी सांगा." मी म्हणालो, "निघा." त्यांना वाटलं मी गंमत करतोय. मग मी उठून दार उघडून धरलं, तेव्हा निघाले. संध्याकाळी घरी हे सांगितलं तर बायको म्हणाली, "एक कप चहा पाजला असता तर मिल विकावी लागली असती का? तुमच्या जिभेला हाड न्हाई ते न्हाईच."

माझा स्वभाव तापट आहे, कबूल. पण त्या दिवशीचा राग त्या पोरांवर नव्हता. त्यांना हवी होती ती गोष्ट सांगायची तर चाचांचं सांगावं लागतं, आणि चाचांचं मी सात वर्षांत कुणाला धड सांगितलेलं नाही. बायकोलाही अर्धंच माहीत आहे.

चाचा आमच्या मार्केट यार्डातले दलाल. दलाल म्हटलं की लोक नाक मुरडतात, मुरडू द्या. धान्याच्या धंद्यात दलाल म्हणजे विकणारा आणि घेणारा यांच्या मधला माणूस. त्याचं स्वतःचं काही नसतं. ना काटा, ना गोदाम, ना एक पोतं माल. चाचांकडं एक जुनी लुना होती, शर्टाच्या दोन्ही खिशांत तुरीच्या नमुन्याच्या पुड्या असायच्या आणि खांद्यावर पांढरा टॉवेल. त्यांचे वडीलही दलालच होते. गंजगोलाई बाजाराच्या मागं त्यांचं जुनं घर, बापलेकांनी दोन पिढ्या तिथून यार्डापर्यंत जाण्या-येण्यात घालवल्या.

सौदा करायचा म्हणजे चाचा टॉवेल हातावर टाकायचे. टॉवेलाखाली घेणाऱ्याची बोटं त्यांच्या हातात. बोटं दाबून भाव सांगायचा. भोवती शंभर माणसं उभी असली तरी कुणाला पत्ता लागायचा नाही. शेवटी ते हात दाबून एकच शब्द विचारायचे, "जबान?" आपण म्हणायचं, "जबान." झाला सौदा. कागद नाही, सही नाही. हल्ली भाव मोबाईलवर येतात, बोली कॉम्प्युटरवर लागते, तरण्या व्यापाऱ्यांना ते टॉवेलाचं प्रकरण म्हणजे जादूचा खेळ वाटायचा. पण चाचा म्हणाले माल कोरडा आहे, की भलेभले दाताखाली दाणा धरून बघायचे नाहीत. माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो, जायच्या आधी मला म्हणाले होते, "भाव कुणालाही इचार. खरं काय ते चाचाला इचार."

समोरचे शेठ अप्पांच्याच वयाचे. त्यांची मिल आमच्या बरोब्बर समोर. वाईट माणूस मुळीच नव्हता. अप्पांना अटॅक आला तेव्हा दवाखान्यात न्यायला गाडी त्यांचीच होती, आणि दोन दिवस ते दवाखान्याच्या बाकावर बसून होते. पण धंद्यात आले की राक्षस. जानेवारीत नवी तूर निघाली की पहिल्या पंधरा दिवसांत चांगला माल सगळा उचलायचे. आमच्या वाट्याला काय, तर ओली, डागी, बारीक तूर. त्यातून दाळ काय डोंबलाची निघणार? हैदराबादची एक मोठी पार्टी वर्षाचा माल त्यांच्याकडूनच न्यायची, आणि मी खिडकीतून त्यांचे भरलेले ट्रक बघत बसायचो. जळफळाट व्हायचा, खोटं कशाला बोलू.

अशात नांदेडच्या एका हॉटेलात दोन दिवसांचं शिबिर झालं, प्राचीन युद्धनीती आणि आजचा व्यापार असं काहीतरी. मे महिन्यातल्या नांदेडात कोट घालून आलेला तो माणूस फळ्यावर किल्ले काढायचा, बाण काढायचा. गिऱ्हाईक म्हणजे मुलूख, माल म्हणजे रसद, भाव म्हणजे हत्यार. साम, दाम, दंड, भेद. आणि आम्ही सगळे, खतवाले, कापडवाले, केळीवाले, माना डोलवत लिहून घेत होतो. शेवटी त्यानं सगळ्यांना एक पुस्तक खपवलं, फार जुन्या काळच्या कुण्या परदेशी सेनापतीची शिकवण मराठीत आणलेली. परत येताना मी वाट वाकडी करून कंधारला गेलो आणि किल्ल्याच्या खंदकापाशी उभा राहून समोरच्या शेठची मिल कशी पडेल याचा विचार केला. हसू येतंय ना? मला तेव्हा आलं नाही.

पुस्तकात हेरांचं एक प्रकरण होतं. त्यातला एक प्रकार मी लाल पेनानं अधोरेखित केला. हा हेर असा, की आपण हेर आहोत हे त्याला स्वतःलाच ठाऊक नसतं. आपणच त्याच्या कानात खोटी बातमी घालायची, त्यानं ती खरी मानून शत्रूकडं न्यायची. माणूस जितका सच्चा तितका उपयोगी. बातमी खोटी निघाल्यावर शत्रू त्याचं काय करील ते करील, ते आपण आधीच धरून चालायचं. हे शेवटचंही मी वाचलं होतं, बरं का. वाचलं नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

डिसेंबर उजाडला. चाचा नेहमीसारखे दारात खाकरून आत आले. मी चेहरा पाडून बसलो होतो, आरशात बघून तयारी केलेली. म्हणालो, "चाचा, मिल बंद करतोय. अप्पांच्या मागं मला हे झेपंना. नांदेडला मेव्हण्यासंगं दुसरं काहीतरी बघतो. रोलर, चाळण्या, पॉलिशचं मशीन, सगळं काढायचंय. गिऱ्हाईक बघा. यंदा मी तूर घेणार न्हाई."

चाचांनी चहा न पिताच कप खाली ठेवला. म्हणाले, "क्या बोलू, छोटे शेठ. तुमच्या अप्पांनी उपाशी राहून ही मिल हुभी केली. येकेक मशीन आलं तवा मी हजर होतो." त्यांचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, चला, जमलं. तेवढ्यात त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून माझ्या हातावर टाकला. विकायला निघायचं तर दलालाला मालकाची जबान लागते, ती त्यांची पद्धत. हात दाबून त्यांनी विचारलं, "जबान?" मी म्हणालो, "जबान."

त्या मशिनी घेऊ शकेल असा माणूस लातुरात एकच होता. चाचा थेट समोर गेले. त्यांनी चुगली केली नाही, कुणाचं गुपित फोडलं नाही. मी सांगितलेलं काम केलं. समोरच्या गादीवर बसून ते म्हणाले, मिल बंद होतेय, मी जबान घेऊन आलोय. शेठनी मशिनी नंतर बघू म्हटलं, पण बातमी मनावर घेतली. बातमी चाचांनी आणली होती ना.

समोर घेणाराच नाही म्हटल्यावर घाई कशाला? नवी तूर आली तरी शेठ हात राखून बसले, भाव उतरायची वाट बघत. मी इकडं भोकर, मुखेड, देगलूरकडं माणसं पाठवून शेतकऱ्यांच्या बांधावरूनच चांगला माल उचलत होतो आणि लातुरात न आणता नांदेडला भाड्याच्या गोदामात टाकत होतो. शेठच्या ध्यानात येईपर्यंत चांगली तूर संपली होती. हैदराबादच्या पार्टीला त्यांनी शब्द देऊन ठेवला होता, मग उरलीसुरली डागी तूर घेऊन दाळ काढली. पार्टीनं ट्रक परत पाठवले. ते परत आलेले ट्रक दिवसभर त्यांच्या गेटासमोर उभे होते, आणि मी खिडकीतून ते बघत मिटक्या मारत जेवलो. आठवलं की आज घास उतरत नाही.

चौथ्या दिवशी ऐन सौद्याच्या वेळी शेठ यार्डात आले. गर्दी होती. चाचा दोन व्यापाऱ्यांच्या मधे उभे होते, मी दहा पावलांवर. शेठ सरळ चाचांसमोर येऊन उभे राहिले.

"माझ्या गादीवर बसून तुमी सांगितलं, समोरचा मिल बंद करायलाय म्हणून. सांगितलं का न्हाई?"

"सांगितलं," चाचा म्हणाले.

"जबान घेऊन आलोय म्हणालात?"

"हाव. म्हणलो."

"हा काय इथं हुभा हाय. इचारा त्याला."

सगळे माझ्याकडं वळले. चाचाही वळले. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. उलट जरा हायसं वाटल्यासारखं दिसलं, कारण मी तिथंच होतो, आता मी बोलेन आणि झालंगेलं सगळं उलगडेल. हा चेहरा मी विसरलो तर बरं होईल, असं मला रोज वाटतं.

माझ्या मनात तेव्हा काय होतं ते लख्ख आठवतं. हैदराबादची पार्टी परवाच माझ्याकडं येऊन गेली होती. चाचा खरं बोलतायत असं म्हणावं तर भर यार्डात माझी जबान जाणार, पार्टी जाणार. नाही म्हणावं तर चाचांची जाणार. दोघांपैकी एकाची जाणार, एवढं नक्की. मी म्हणालो, "मिल बंद? मी? चाचा, असं कधी म्हणालो हो मी? मी तर जुनं पॉलिशचं मशीन बदलायचं म्हणालो होतो."

चाचांनी माझ्याकडं बघितलं. त्यांनी मुलाबाळांची कसम खाल्ली असती तर अर्ध्या यार्डानं त्यांचं ऐकलं असतं. किमान मला चार शिव्या घालायच्या होत्या. ते म्हणाले, "ऐकण्यात माझीच चूक झाली असंल, शेठ. वय झालं."

"चूक न्हाई चाचा," शेठ म्हणाले. "तुमी इकले गेलात." आणि चालते झाले. मागून एक तरणा अडत्या म्हणाला, "चाचा, कानाचं मशीन घ्या आता." लोक हसले. मीही थोडा हसलो.

दुसऱ्या दिवशी त्याच अडत्यानं चाचांच्या तळहातावरचा दाणा उचलला आणि त्यांच्या डोळ्यांसमोर दाताखाली धरून बघितला. चाचांनी हात तसाच पसरून ठेवला होता. तो थुंकून म्हणाला, "बरा हाय." त्यानंतर मी यार्डात जाताना पलीकडच्या गेटानं जायला लागलो.

चाचा मात्र माझ्या ऑफिसात यायचे थांबले नाहीत. रोज अकराच्या सुमारास लुनाचा आवाज, दारात खाकरणं, बाहेरच्या बाकड्यावर बसणं. चहा घ्यायचे. कधी पावसाचं बोलायचे, कधी माझ्या लेकीच्या शाळेचं विचारायचे. त्या दिवसाचं अक्षर नाही. अर्ध्या तासानं "चलतो" म्हणून जायचे. असे तीन महिने. मी मनाची समजूत घातली की म्हातारा रागावलेला नाही, विसरला. एकदा मी त्यांना म्हणालो, "चाचा, यंदापासून माझी सगळी खरेदी तुमच्या हातून. दलाली वाढवून देतो." ते चटकन म्हणाले, "नको, छोटे शेठ. लोक म्हणतील, ह्या दलालीसाठीच हा इकला गेला होता." मग एके दिवशी आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. कळलं की लुना विकली आणि नांदेडला लेकीकडं राहायला गेले.

समोरची मिल पुढच्या वर्षी बंद पडली. शेठ घरी बसले. त्या ईदला चाचांनी नांदेडहून शेठना शीरखुर्म्याचा डबा पाठवला होता, पंचवीस-तीस वर्षं पाठवत आले तसा. तो झाकण न उघडता दारातूनच परत गेला. हे मला शेठच्या ड्रायव्हरनं सांगितलं, आणि का सांगितलं देव जाणे. मी त्याला उगाच झापलं, तुझ्या गाडीनं माझं गेट अडतंय म्हणून.

आणि माझं? माझं बेस चाललं. पार्टी अजून माझ्याकडं आहे. त्यांचा मॅनेजर दर वर्षी येतो, हात पुढं करतो आणि म्हणतो, तुमच्या शब्दावर आमचा डोळे झाकून विश्वास आहे. मला दरदरून घाम फुटतो. एसी चालू असतो हो! टेबलाच्या खणात चाचांची एक पुडी राहिली आहे. आतली तूर केव्हाच किड्यांनी खाल्ली, पीठ उरलंय. वर चाचांच्या हातचं उर्दूत काहीतरी लिहिलंय, कुठल्यातरी गावाचं नाव असणार. मला वाचता येत नाही. मिलमध्ये उर्दू वाचणारे तीन हमाल आहेत, कुणालाही विचारता आलं असतं. विचारत नाही आणि फेकतही नाही. अकराच्या सुमारास बाहेर कुणी खाकरलं की अजून माझा हात चहा सांगायला घंटीकडं जातो. बायको म्हणते, तुम्ही झोपेत टॉवेल मुठीत धरून ठेवता. मी म्हणतो, तुला काहीतरी दिसतं.

यंदाच्या उन्हाळ्यात शेठ वारले. तेरावा झाला आणि चौदाव्या दिवशी सकाळी मी नांदेडची वाट धरली. अहमदपूर, लोहा, सगळा रस्ता बोलायचं घोकत होतो. काळजावरचा दगड आज उतरवायचाच, असं ठरवलं होतं. देगलूर नाक्याच्या आतल्या गल्लीत चाचांच्या लेकीचं घर सापडलं. चाचा खाटेवर बसले होते. अंग पार वाळलेलं, नजर मात्र तीच. मला बघून म्हणाले, "या छोटे शेठ. पाणी प्या आधी."

पाणी प्यालो आणि एका दमात सगळं बोललो. शिबिर, पुस्तक, चेहरा पाडून बसणं, सगळं. म्हणालो, "चाचा, चूक तुमच्या ऐकण्याची नव्हती. मी खोटं बोललो. दोनदा."

"मला म्हाईत न्हाई का?" चाचा म्हणाले. "कान माझे आजबी चांगले हायत."

"मग तुम्ही त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"काय बोलू? अप्पांच्या लेकाला भर यार्डात खोटा म्हणू? शेठच्या मातीला आलतो मी. एसटीनं. लांब हुभा राहिलो. त्यांच्या पोरानं बघितलं आन तोंड फिरवलं. त्याला बी बापानं तेच सांगितलं असंल."

मी म्हणालो, "त्याला मी सांगतो, चाचा. आजच जातो. सगळं खरं सांगतो."

"त्याला सांगून काय करता? त्यानं मला कुठं इकला गेला म्हणलं? ज्यानं म्हणलं तो सात वर्षं लातुरातच बसला होता." चाचांचा आवाज चढला नव्हता. "मी तीन महिने तुमच्या बाकड्यावर यायलो. कशाला यायलो, काय वाटलं तुमाला? चहाला? मला वाटायचं, आज म्हणतील, चला चाचा, समोर जाऊन येऊ. रोज वाटायचं. नुस्ता रस्ता तर वलांडायचा होता."

मला तोंड वर करवेना. रडू येत होतं आणि रडायची लाज वाटत होती. चाचांनीच मग विषय बदलला, लेकीला चहा टाकायला सांगितला. निघताना त्यांनी दारापर्यंत येऊन माझ्या पाठीवरून हात फिरवला. माफ केलं असं म्हणाले नाहीत, आणि मीही माफी मागितली नाही. शेठ असेपर्यंत आलो नाही, गेल्यावर आलो, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं. मेलेला माणूस माझं काय वाकडं करणार होता? धोका टळल्यावरच मी खरं बोलायला निघालो होतो.

परवा दुपारी जेवण झाल्यावर मी ऑफिसातून उठलो आणि रस्ता ओलांडला. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. समोरच्या मिलचं आता सिमेंटचं गोदाम झालंय. नवा वॉचमन गेटातून बाहेर आला.

"कोन पायजे?"

"शेठ," मी म्हणालो.

"शेठ वारले की." त्यानं मला निरखून बघितलं. "तुमी समोरच्या मिलचे न्हवं? तुमाला म्हाईत न्हाई?"

"माहीत आहे."

मी तरी जाईना. त्याला काय करावं कळेना. शेवटी त्यानं विचारलं, "काई निरोप होता का?"

"होता," मी म्हणालो.